मुक्त, पण फुकट नव्हे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मी मानखुर्दला राहते. हार्बर मार्गाने वाशीकडे जाणाऱ्यांना हे खाडीपुलाच्या अलीकडचे शेवटचे स्टेशन म्हणून माहीत असते. गाडी इथे थांबते, चार माणसे उतरतात, आणि मग खिडकीतून खारा वारा येऊ लागतो. बाकीच्या मुंबईला आमचा भाग ठाऊक आहे तो शेजारच्या देवनारच्या कचराभूमीमुळे, नाहीतर मंडाळ्याच्या भंगार बाजारामुळे. याच भागातल्या एका मराठी शाळेत मी विज्ञान आणि भूगोल शिकवत होते. आता निवृत्त आहे. आज बोलणार आहे ते मात्र संगणकाबद्दल. हे ऐकून माझे जुने विद्यार्थी हसतील, कारण शाळेत पहिला संगणक आला तेव्हा त्यावर प्लॅस्टिकचे आवरण घालून कुलूप लावणाऱ्यांत मीही होते.

तो संगणक १९९८ साली आला. त्याबरोबर मराठी लिहिण्याचे एक सॉफ्टवेअर आले. कंपनीचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. त्या काळी अशी बरीच सॉफ्टवेअर बाजारात होती आणि सगळ्यांची तऱ्हा थोड्याफार फरकाने तीच होती. सॉफ्टवेअर चोरून कुणी वापरू नये म्हणून प्रिंटरच्या तारेच्या जागी एक छोटी डबी बसवावी लागे. ती डबी म्हणजे त्याची किल्ली. ती नसेल तर मराठी उमटत नसे. मी हळूहळू टंकलेखन शिकले आणि सहा-सात वर्षे माझी शिकवण्याची टिपणे त्यावर लिहीत गेले. खाडीकाठच्या मिठागरांवरचा धडा, तिवरांची मुळे श्वास कसा घेतात, मुलांनी स्वतः मोजलेल्या भरती-ओहोटीच्या नोंदी. हे सारे पाठ्यपुस्तकात नव्हते.

मग तो संगणक बिघडला, डबी कुठे गेली कळले नाही, आणि कंपनीच्या नव्या सॉफ्टवेअरला जुन्या फायली वाचता येईनात. फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून पेन ड्राइव्हवर त्या फायली मी जपून ठेवल्या होत्या. उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरे, प्रश्नचिन्हे आणि पौंडाच्या खुणा यांची खिचडी दिसे. माझे स्वतःचे लिखाण, माझ्या स्वतःच्या कपाटात, आणि मलाच वाचता येत नव्हते.

असे का होते, हे मला फार उशिरा कळले. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, हे कुणीतरी ठरवावे लागते. देवनागरीसाठी जगभर एकच कोष्टक असावे म्हणून युनिकोड आले. त्याच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. पण ती आपल्या घराघरांतल्या संगणकापर्यंत पोहोचायला पुढे बरीच वर्षे गेली. दरम्यान प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून स्वतःचे कोष्टक बनवले आणि ते स्वतःजवळच ठेवले. कोष्टक नाही तर अक्षर नाही. महाराष्ट्रातल्या किती प्रकाशकांची पुस्तके, किती संस्थांचे अहवाल असे गोठून पडले असतील, याचा कुणी हिशेब मांडलेला मी पाहिलेला नाही.

आमच्या मंडाळ्यात भंगार फोडणारी माणसे आहेत. पंखा असो, मोटार असो, टीव्ही असो, ते त्याचा स्क्रू न् स्क्रू सोडवतात. त्यांतल्या एकाने मला एकदा सांगितले, "बाई, जे उघडत नाही ते फक्त वजनावर विकायचं." माझ्या टिपणांचे नेमके हेच झाले होते. ते वजनावर विकण्याचा माल झाले होते.

उघडता येणारे सॉफ्टवेअर असावे, हा आग्रह जगात एका माणसाने फार नेटाने धरला. त्याचे नाव रिचर्ड स्टॉलमन. १९८० च्या सुमारास तो अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करत होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा, अशी सोय त्याने प्रोग्राममध्ये स्वतः केली होती. पुढे झेरॉक्स कंपनीने नवा लेसर प्रिंटर दिला. तोही अडकायचाच. पण त्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो कंपनीने दिला नव्हता. तो मजकूर कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे आहे असे स्टॉलमनला कळले. हा तिकडे गेला असता त्याने मागायला गेला. तो म्हणाला, देता येणार नाही, मी कंपनीला तसे लिहून दिले आहे.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपण नेहमी म्हणतो, विद्यापीठे आणि उद्योग यांनी एकत्र यायला हवे. इथे ते एकत्र आलेलेच होते! विद्यापीठ होते, कंपनी होती, दोघांत करारही होता. पण त्या करारातच असे काही लिहिले होते की एका विद्यापीठातल्या माणसाला दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाला मदत करता येईना. तेव्हा एकत्र येणे पुरेसे नसते. कागदावर काय लिहून एकत्र आलात, हे पाहावे लागते.

स्टॉलमनने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था काढली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की सॉफ्टवेअर कुणालाही कशासाठीही चालवता यावे, आतून पाहता आणि बदलता यावे, दुसऱ्याला देता यावे, आणि केलेली सुधारणाही वाटता यावी. १९८९ मध्ये त्यांनी जो परवाना तयार केला त्यात एक खुबी आहे. तुम्हाला हे हक्क मिळाले असतील, तर पुढे देताना तेच हक्क पुढच्यालाही दिले पाहिजेत. म्हणजे कुणी मध्येच कुलूप लावू शकत नाही. पुढे १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. पुढच्याच वर्षी त्यालाही हाच परवाना लावला गेला, आणि या सगळ्याची मिळून एक पूर्ण प्रणाली उभी राहिली.

इंग्रजीतल्या 'फ्री' शब्दाने गोंधळ केला आहे. लोकांना वाटते फुकट. आपल्या मराठीत ही अडचण नाही. आपल्याकडे मुक्त वेगळे, फुकट वेगळे. फुकट मिळणारी किती तरी सॉफ्टवेअर आतून कुलूपबंद असतात, आणि मुक्त सॉफ्टवेअरवर पैसे मिळवायला कुणाची ना नाही.

आता मी आमच्या मानखुर्दकडे वळते, कारण ही चळवळ भारतात रुजली त्यात आमच्या रस्त्याचाही वाटा आहे. वि. ना. पुरव मार्गावर, अणुशक्तीनगरच्या जवळ, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र १९७४ साली सुरू झाले. विज्ञान ऑलिम्पियाडची शिबिरे तिथे होतात म्हणून ते बऱ्याच पालकांना ठाऊक असते. या केंद्रात जी. नागार्जुन हे प्राध्यापक होते. माणूस ज्ञान कसे रचतो, एका संकल्पनेला दुसरी कशी जोडतो, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी सॉफ्टवेअर लिहिली, त्यातले 'ग्नोसिस' हे ग्नू प्रकल्पातच सामील झाले. २००१ च्या जुलैमध्ये तिरुवनंतपुरम येथे स्टॉलमनच्या उपस्थितीत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची सुरुवात झाली. नागार्जुन या ना-नफा संस्थेचे अध्यक्ष होते. म्हणजे संस्था देशभराची, जन्म केरळातला, आणि अध्यक्ष मानखुर्दच्या विज्ञान केंद्रात बसणारा!

केंद्राच्या शिक्षक कार्यशाळांना मी दोनदा गेले आहे. तिथल्या संगणकांवर ओळखीची खिडकी नव्हती, वेगळेच काही होते. मी विचारले, हे कुठले? एका तरुण सहायकाने उत्तर दिले, "आमचंच आहे, तुमचंही आहे." मला तेव्हा ते जरा भाषणबाजीचे वाटले. खरे सांगायचे तर माझा पहिला प्रश्न, याला किती पैसे पडतात, एवढाच होता.

या केंद्राची मंडळी २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराट इथल्या एका छोट्या शाळेच्या प्रयोगातही होती. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' म्हणजे प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, ही कल्पना तेव्हा जगभर गाजत होती. एमआयटीतल्या निकोलस नेग्रोपोंटी यांनी ती मांडली होती. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा, कान उभे केल्यासारखा दिसणारा तो छोटा लॅपटॉप अनेकांना आठवत असेल. त्यावरची 'शुगर' नावाची प्रणाली लिनक्सवर उभी होती. खैराटच्या मुलांना दोन डझनांच्या आत-बाहेर असे लॅपटॉप मिळाले आणि ती ते घरीही नेत.

त्या योजनेवर टीका पुष्कळ झाली आणि त्यातली बरीचशी रास्त होती. यंत्र दिले म्हणजे शिक्षण झाले असे नसते, हे कुठलाही मास्तर सांगेल. ज्या अमेरिकी संस्थेने ते लॅपटॉप काढले, तिचे मूळ काम २०१४ च्या सुमारास बंद झाल्यात जमा झाले. मला कुतूहल आहे ते पुढच्या गोष्टीचे. यंत्रे संपली, पण 'शुगर' संपली नाही. २००८ मध्येच काही मंडळींनी शुगर लॅब्ज नावाने वेगळी ना-नफा व्यवस्था केली होती, आणि आजही जगभरचे विद्यार्थी त्या सॉफ्टवेअरवर काम करत असतात. त्यांत भारतातले पुष्कळ. परवाना मुक्त नसता तर खैराटच्या मुलांनी हाताळलेली ती प्रणाली माझ्या टिपणांच्याच वाटेने गेली असती.

याच पुरव मार्गावर देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. २०१५ च्या सुमारास ही संस्था, एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून 'क्लिक्स' नावाचा प्रकल्प सुरू केला. छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगण इथल्या सरकारी माध्यमिक शाळांसाठी तो होता. गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे धडे संगणकावर, आणि तेही इंटरनेट नसले तरी चालतील असे. धडे ज्या पायावर उभे होते तो 'जी-स्टुडिओ' हा मंच मानखुर्दच्या केंद्रातला, मुक्त परवान्याचा. शाळेतल्याच एका संगणकावर तो बसवायचा आणि बाकीचे संगणक त्याला जोडायचे. २०१७ चा युनेस्कोचा किंग हमद पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला. दोन संस्था एकाच रस्त्यावर, बसने दोन-चार थांब्यांच्या अंतरावर. आमच्या भागाची बातमी आगीची आणि कचऱ्याची तेवढी होते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता पवईला जाऊ. आयआयटी मुंबईत केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या पैशातून 'फॉसी' नावाचा प्रकल्प चालतो. २००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती-तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय शिक्षण मोहिमेतून तो उभा राहिला. रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांचा त्यात मोठा वाटा आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांत गणिती आकडेमोडीसाठी, आराखड्यांसाठी जी सॉफ्टवेअर लागतात त्यांचे परवाने महाग असतात. मग छोट्या गावातले महाविद्यालय काय करते? एक तर प्रयोगच करत नाही, नाहीतर चोरीची प्रत वापरते. आपण सगळेच हे जाणतो आणि त्यावर बोलत नाही.

फॉसीने यावर जी युक्ती काढली ती मला शिक्षक म्हणून अतिशय आवडली. विद्यार्थ्याने एक प्रमाण पाठ्यपुस्तक घ्यायचे. त्यात सोडवून दाखवलेली जितकी उदाहरणे आहेत तितकी सगळी सायलॅब किंवा पायथॉन अशा मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लिहून काढायची. तपासणी झाली की त्याला मानधन आणि प्रमाणपत्र मिळते, आणि त्याचे काम सर्वांसाठी खुले होते. विद्यार्थी ते पुस्तक किती बारकाईने वाचत असेल पाहा! पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच पुस्तक चालत्या उदाहरणांसह मिळते. महाविद्यालयाने आपल्या प्रयोगशाळेतले सगळे प्रयोग महागड्या सॉफ्टवेअरवरून मुक्त सॉफ्टवेअरवर आणायचे ठरवले, तर त्यालाही असेच सहाय्य असते. रसायन उद्योगातल्या प्रक्रियांचे गणित मांडणारे डीडब्ल्यूसिम हे सॉफ्टवेअर मूळ ब्राझीलमधल्या एका अभियंत्याचे. त्यात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी प्रक्रियांची भर घातली. पोलादी बांधकामाच्या आराखड्यासाठी 'ओसडॅग' तर इथेच तयार झाले, आपल्या आयएस ८०० या २००७ च्या भारतीय मानकाला धरून. परदेशी महागडे सॉफ्टवेअर आपले मानक कधी घालेल याची वाट पाहावी लागली नाही.

याच परिवारातले 'स्पोकन ट्युटोरियल' म्हणजे दहा-दहा मिनिटांचे धडे. पडद्यावर काय करायचे ते दिसते आणि आवाज मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये, हव्या त्या भारतीय भाषेत ऐकू येतो. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपला हात. मी माझ्या अभ्यासिकेत हेच वापरते. आमच्या वस्तीतल्या एका खोलीत मुलांसाठी ही अभ्यासिका आहे. तिथे सहा संगणक आहेत, एका कार्यालयाने मोडीत काढलेले. नवी प्रणाली त्यांना झेपत नव्हती एवढाच त्यांचा दोष. त्यांवर हलके लिनक्स टाकले आणि ते निमूटपणे चालताहेत. एकाचा पंखा तेवढा गिरणीसारखा वाजतो.

पण एवढे सगळे चालते कुणाच्या जिवावर? इथे मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. मुक्त सॉफ्टवेअर हे हवेतून येत नाही. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा एक दोष उघडकीस आला. ओपन-एसएसएल नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो होता. बँकेचे पान उघडताना कुलपाचे चित्र दिसते ना, त्यामागचे काम जगातल्या असंख्य ठिकाणी हे सॉफ्टवेअर करते. मग कळले की त्याला वर्षाकाठी देणगी मिळत होती सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक! अब्जावधींचे व्यवहार ज्या खुंटीवर टांगलेले, ती खुंटी कुणी पाहिलेलीच नव्हती. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी अशा कामांसाठी निधी काढला. सुचले, पण घर गळायला लागल्यावर.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठात २००३ पासून एक 'ओपन सोर्स लॅब' आहे. जगातल्या किती तरी मुक्त प्रकल्पांचे संगणक ती सांभाळते. फायरफॉक्स बाल्यावस्थेत होता तेव्हा त्याच्या प्रती तिथूनही वाटल्या गेल्या. सांभाळणारे बहुतेक विद्यार्थी, पैसा उद्योगांच्या देणग्यांचा, छप्पर विद्यापीठाचे. २०२५ च्या एप्रिलमध्ये या प्रयोगशाळेने जाहीर केले की देणग्या आटत गेल्या आहेत, विद्यापीठालाही तूट सोसवत नाही, अडीच लाख डॉलर मिळाले नाहीत तर यंदाच बंद करावे लागेल. ओरड झाल्यावर मदत पुढे आली. पण बावीस वर्षे उत्तम चाललेल्या संस्थेवर ही वेळ यावी?

आपल्याकडे काय? २००५ च्या सुमारास सी-डॅक, आयआयटी मुंबई आणि आयबीएम यांनी मिळून मुंबईत मुक्त सॉफ्टवेअरचे संसाधन केंद्र काढले होते. सरकार, विद्यापीठ आणि बडी कंपनी, तिघांचा असा मेळ तेव्हा नवा होता. अलीकडचे उदाहरण आमच्या जवळचेच आहे. मानखुर्दहून गाडी पकडून कुर्ल्याला बदलले की पुढचे स्टेशन विद्याविहार. तिथल्या फ्रापे या कंपनीने 'ईआरपी-नेक्स्ट' हे सॉफ्टवेअर केले. कारखान्याचा हिशेब, गोदामातला माल, कामगारांचे पगार असे सगळे त्यात येते, आणि ते मुक्त परवान्याचे आहे. कंपनी पैसे मिळवते ते सेवेचे, कुलपाचे नव्हे. या सॉफ्टवेअरसाठी काढलेल्या ना-नफा प्रतिष्ठानालाच २०२० मध्ये 'फॉस युनायटेड' असे व्यापक रूप मिळाले. शेअर व्यवहारांतली झिरोदा ही कंपनी त्यात सोबत आहे. महाविद्यालयांत मंडळे काढणे, स्पर्धा आणि मेळावे भरवणे, मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना अनुदान देणे, असे काम ही संस्था करते. झिरोदाने तर २०२४ मध्ये जगभरच्या मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा वेगळा निधी जाहीर केला.

यात कंपन्यांचा स्वार्थ आहे का? आहे. ज्या सॉफ्टवेअरवर त्यांचा धंदा चालतो ते टिकावे, आणि ते जाणणारी मुले महाविद्यालयांतून बाहेर पडावीत, हा साधा स्वार्थ आहे. मला तो चालतो. ज्या विहिरीचे पाणी पितो तिचा गाळ काढायला पैसे दिले तर त्याला दान म्हणू नये, एवढेच. माझी काळजी वेगळी आहे. अनुदान दोन वर्षांचे, प्रकल्प पाच वर्षांचा, आणि सॉफ्टवेअरचे आयुष्य पंचवीस वर्षांचे. नवे करायला पैसे मिळतात, समारंभ होतो, फोटो येतो. जुने दुरुस्त करायला कुणी पैसे देत नाही. आपल्याकडे रस्त्यांचे आणि वाचनालयांचेही तेच आहे, त्यामुळे नवल वाटत नाही. विद्यापीठांनी सॉफ्टवेअर सांभाळण्याच्या कामाला गुण द्यावेत, संशोधन निबंधाइतकेच ते मोलाचे धरावे, आणि जनतेच्या पैशातून झालेले सॉफ्टवेअर मुक्त परवान्यानेच बाहेर पडेल असे करारात आधी लिहावे. हे करायला कुठल्याही यंत्राची खरेदी लागत नाही.

मराठीच्या बाबतीत तर हे फारच जाणवते. मुंबईतल्या प्रा. र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर अक्षरकाराने मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा टंक रेखाटला, तो कोट्यवधी लोकांनी पाहिला. त्याच सुमारास व्हीजेटीआयचे प्रा. जितेंद्र शाह यांच्या पुढाकाराने 'इंडिकट्रान्स' या गटाने मराठीत लिनक्स आणण्याची खटपट केली आणि 'गार्गी' हा देवनागरी टंक मुक्त परवान्याने दिला. अलीकडे मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी 'मुक्त' आणि 'बलू' हे देखणे टंक खुल्या परवान्याने दिले आहेत. माणसे आहेत, कामे झाली आहेत. पण मल्याळम भाषिकांनी 'स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग' हा गट जसा वर्षानुवर्षे जागता ठेवला, तसे आपले झाले नाही. आपल्याकडे एकेक जण एकट्याने राबला आणि दमला.

शेवटी माझ्या टिपणांचे काय झाले ते सांगते. माझा एक जुना विद्यार्थी अभियांत्रिकीला होता. २०१९ मध्ये तो घरी आला असता मी त्याला ती खिचडी दाखवली. शाळेने छापलेली काही टिपणे माझ्याकडे कागदावर होती. त्याने कागदावरचे अक्षर आणि पडद्यावरची खूण समोरासमोर ठेवून हरवलेले कोष्टक एकेक करून पुन्हा रचले. गणपतीची सुटी त्यात गेली. त्या कोष्टकावरून जुनी फाइल युनिकोडमध्ये आणणारा छोटा प्रोग्राम त्याने पायथॉनमध्ये लिहिला. मिठागरे परत आली, तिवरे परत आली. मी त्याला म्हटले, आता हे तू विक, माझ्यासारखे कितीतरी जण असतील. तो म्हणाला, "बाई, ज्याच्यावर मी हे लिहिलं ते मला कुणी विकलं नव्हतं." त्याने ते मुक्त परवान्याने सर्वांसाठी ठेवून दिले.

त्यात एक चूक होती. मराठीत रफार दोन तऱ्हांचा असतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' बोलावले तर गुरुजी येतात, 'आचाऱ्यांना' बोलावले तर जेवण होते. हिंदीला हा अर्ध्या चंद्रासारखा र लागत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या पुष्कळ टंकांत त्याची आबाळ झाली. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रोग्राममध्येही तेच झाले, आणि माझ्या भूगोलाच्या टिपणांत सह्याद्रीत जागोजागी दर्या उसळू लागला. त्याला तेव्हा नोकरी लागली होती, वेळ नव्हता. मी दोन वर्षे हाताने दुरुस्त करत बसले.

मग बेळगावच्या महाविद्यालयातल्या एका मुलीचे पत्र त्याला आले. तिच्या आजोबांचे लिखाण त्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकले होते. तिने प्रोग्राम उघडून पाहिला, चूक सापडली, दुरुस्त केली आणि परत पाठवली. चार ओळींचा बदल. आता माझ्या टिपणांत सह्याद्रीत दऱ्याच आहेत. 'बॅट'मधला अर्धचंद्र अजून काही ठिकाणी गळतो. तो कुणाला दुरुस्त करायचा असेल तर जरूर करावा.